तुळाजी आंग्रे: ज्यांचं आरमार बुडवायला पेशवे आणि इंग्रज एकत्र आले

मुंबईत शिवडीच्या किल्ल्यावरून पूर्वेकडे पाहिलं की समोर खाडी दिसते. पलीकडे घारापुरीचं बेट, उरणचा किनारा आणि आता त्यावरून गेलेला अटल सेतू. इंग्रजांनी १६८० मध्ये ही गढी बांधली ती या पाण्यावर नजर ठेवण्यासाठी. तरीही १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान नेमका शिवडीलाच उतरला. पाहता पाहता त्याने बेटाचा मोठा भाग ताब्यात घेतला आणि इंग्रजांना आपल्या मुख्य किल्ल्यात कोंडून घ्यावं लागलं. औरंगजेबाकडे दंड भरल्यावरच १६९० मध्ये सिद्दी परत गेला.

समुद्रावर ताकद असलेला शेजारी मुंबईला गुदमरवू शकतो, हा धडा कंपनी सरकारने तेव्हा घेतला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत सिद्दीपेक्षा मोठा असा एक शेजारी तयार झाला. तो म्हणजे आंग्रे घराणं. या घराण्यातले कान्होजी आंग्रे सगळ्यांना माहीत आहेत. पण इंग्रजांनी सर्वांत मोठी मोहीम काढली ती कान्होजींवर नाही, तर त्यांच्या एका अनौरस मुलावर. त्यांचं नाव तुळाजी.

विशेष म्हणजे या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला खुद्द मराठ्यांचे पेशवे होते.

असं का झालं? त्यासाठी तुळाजींची गोष्ट सुरुवातीपासून पाहावी लागते.

कान्होजींच्या मागे

मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ रोजी वारले. कुलाब्यापासून विजयदुर्गापर्यंतचा किनारा त्यांच्या हाती होता. हा कुलाबा म्हणजे अलिबागसमोरचा किल्ला, मुंबईतला कुलाबा नव्हे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी केलेल्या समेटात छत्रपती शाहूंनी कान्होजींचं सरखेलपद आणि त्यांच्याकडचे किल्ले मान्य केले होते. इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगिजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर हल्ला केला. तिन्ही वेळा त्यांना हात हलवत परतावं लागलं.

कान्होजींच्या मुलांची वाटणी जुन्या गॅझेटियरांत आणि इंग्रजी इतिहासांत सरळ दोन गटांत केलेली आढळते. सेखोजी आणि संभाजी हे औरस. तुळाजी, मानाजी आणि येसाजी हे अनौरस, त्या काळच्या भाषेत लेकवळे.

लेकवळा म्हणजे घरात हक्क नाहीच, असं तेव्हा नव्हतं. असा मुलगा बापाच्या फौजेत चढत असे, किल्ला सांभाळत असे, मोहिमेवर जात असे. पण पद आणि दौलत यांचा प्रश्न आला की पहिला मान औरस मुलाचा. लेकवळ्याला जे मिळायचं ते भावाच्या मर्जीने, छत्रपतींच्या कृपेने किंवा स्वतःच्या मनगटाच्या जोरावर.

भाऊबंदकी

सेखोजी सरखेल झाले तोवर घर एकत्र होतं. पण १७३३ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्धची मोठी मोहीम चालू असतानाच सेखोजींचा मृत्यू झाला. संभाजी सरखेल झाले आणि मानाजींशी त्यांचं बिनसलं.

मानाजींनी पोर्तुगिजांच्या मदतीने कुलाबा घेतला. येसाजी तिथे कारभार पाहत होते, त्यांचे डोळे काढण्यात आले. भावांमधलं वैर या थराला गेलं होतं.

१७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मध्ये पडून दौलतीची वाटणी केली. संभाजींकडे सरखेल हा किताब आणि दक्षिणेकडचे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले राहिले. मानाजींना कुलाबा मिळाला आणि वजारतमाब हा नवा किताब. भांडण तात्पुरतं मिटलं, पण कान्होजींनी जोडलेलं एक आरमार आता दोन झालं. एकाच्या पाठीशी पेशवे होते आणि दुसऱ्याच्या मनात पेशव्यांबद्दल राग होता.

तुळाजी संभाजींच्या बाजूने राहिले. १७४० मध्ये संभाजींनी कुलाब्यावर चाल केली, तेव्हा मानाजींनी पेशव्यांकडे आणि मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली. दोघंही धावून आले. या लढाईत तुळाजी पेशव्यांच्या फौजेच्या हाती सापडले. पेशव्यांच्या कैदेची त्यांची ही पहिली ओळख. शेवटची मात्र नव्हे.

सरखेलपद मिळालं, पण अटीवर

संभाजी १७४२ च्या सुमारास वारले. त्यांच्या मागे गादीवर बसेल असा औरस वारस नव्हता. आता दोन सावत्र भाऊ समोरासमोर होते, मानाजी आणि तुळाजी. दोघांच्या जन्माचा दर्जा सारखाच, त्यामुळे घराण्याच्या रीतीने निकाल लागण्यासारखा नव्हता. निकाल शाहू महाराजांच्या हाती होता.

शाहूंनी सरखेलपद तुळाजींना दिलं. मात्र सिद्दीकडे असलेले अंजनवेल आणि गोवळकोट हे किल्ले जिंकून द्यायचे, अशी अट होती.

ही अट साधी नव्हती. अंजनवेल वाशिष्ठी नदीच्या मुखावर, गुहागरजवळ. गोवळकोट त्याच नदीवर आत, चिपळूणजवळ. या दोन किल्ल्यांच्या जोरावर सिद्दी चिपळूणच्या मुलखात शिरत असे. १७२७ मध्ये अंजनवेलच्या सिद्दी सातने चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटून उद्ध्वस्त केलं होतं. तिथले ब्रह्मेंद्रस्वामी हे शाहू, पेशवे आणि आंग्रे या सगळ्यांना गुरुस्थानी. त्यामुळे हे प्रकरण दरबाराच्या जिव्हारी लागलं होतं. चिमाजी अप्पांनी १७३६ मध्ये सिद्दी सातला लढाईत ठार केलं, तरी हे दोन किल्ले सिद्दीकडेच राहिले.

तुळाजींनी १७४५ मध्ये अंजनवेल घेतला. त्याचं नाव गोपाळगड ठेवण्यात आलं. गोवळकोटही मराठ्यांकडे आला आणि तो गोविंदगड झाला. शाहूंना दिलेला शब्द पुरा झाला. औरस भावाला वारसाने मिळालेलं पद तुळाजींना लढाई जिंकून मिळवावं लागलं होतं.

विजयदुर्गाचं आरमार कसं लढायचं?

तुळाजींची राजधानी होती विजयदुर्ग. इंग्रज या ठिकाणाला शेजारच्या गिर्ये गावावरून 'घेरिया' म्हणत. तीन बाजूंनी पाणी, आत वाघोटनची खोल खाडी आणि खाडीत खडक कोरून केलेली गोदी. वादळात जहाजं आत सुरक्षित राहत, तिथेच त्यांची डागडुजी होई आणि नवी जहाजंही बांधली जात.

आरमारात मुख्यतः दोन प्रकारची जहाजं होती. गुराब हे मोठं जहाज, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, साधारण १५० ते ३०० टनांचं. त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, समोर रोखलेल्या मोठ्या तोफा असत. गलबत त्याहून लहान, साधारण ७० टनांपर्यंतचं. त्याला शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ही असत.

युरोपियन जहाजांच्या तोफा दोन्ही कुशींवर असत. म्हणून आंग्र्यांची जहाजं कुशीसमोर येतच नसत. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना दोराने ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला आणत. तिथून तोफा डागून डोलकाठ्या मोडायच्या, जहाज लंगडं करायचं आणि मग गलबतांतून शेकडो माणसं तलवारी घेऊन त्यावर चढायची. वाऱ्यावर अवलंबून असलेल्या मोठ्या जहाजाला अशा वेळी पळताही येत नसे.

या पद्धतीने तुळाजींनी १७४९ मध्ये मुंबईकर इंग्रजांचं 'रिस्टोरेशन' हे २० तोफांचं लढाऊ जहाज पकडलं. १७५४ च्या सुरुवातीला तर तीन डच जहाजांच्या ताफ्यावरच त्यांनी हल्ला चढवला. ५० आणि ३६ तोफांची दोन मोठी जहाजं जळाली आणि १८ तोफांचं तिसरं त्यांनी पकडलं.

चाचे की सरखेल?

इंग्रजी कागदपत्रांत तुळाजींचा उल्लेख चाचे म्हणूनच येतो. हा शब्द नीट पाहायला हवा.

कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा आणि त्याचे पैसे भरायचे, हा कान्होजींच्या काळापासूनचा नियम होता. दस्तक नसलेलं जहाज जप्त होई. पोर्तुगीज दोनशे वर्षं अरबी समुद्रात हेच करत होते. इंग्रज स्वतःही व्यापाऱ्यांना परवाने देत. प्रश्न एवढाच होता की या किनाऱ्यावर परवाना देण्याचा हक्क कोणाचा. आंग्र्यांचं म्हणणं, छत्रपतींनी नेमलेल्या सरखेलांचा. कंपनीने ते कधीच मान्य केलं नाही. तो हक्क नाकारायचा, तर सरखेलला चाचा म्हणणं सोयीचं होतं.

म्हणून तुळाजींना दोन्हीकडून एकाच प्रकारचा अनुभव आला. घराण्याच्या हिशेबात ते अनौरस आणि कंपनीच्या हिशेबात त्यांची सत्ताही अनौरस.

अर्थात तुळाजींचा कारभार सरळमार्गी होता असंही नाही. बावडेकर अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी, सावंतवाडीचे सावंत या शेजाऱ्यांच्या मुलखात ते वारंवार शिरत. किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना त्यांची दहशत होती. या सगळ्या तक्रारी साताऱ्याला आणि पुण्याला पोहोचत होत्या. पुढे संकट आलं तेव्हा यांतला एकही शेजारी त्यांच्या मदतीला आला नाही.

पुण्याशी कायमचं वैर

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज गेले आणि मराठा राज्याची सूत्रं साताऱ्याहून पुण्याला, नानासाहेब पेशव्यांच्या हाती आली.

तुळाजींच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. त्यांना पद दिलं ते छत्रपतींनी. सरखेल हे पद पेशव्यांच्या पदाइतकंच छत्रपतींचं दिलेलं, मग पेशव्यांचा हुकूम का मानायचा आणि त्यांना खंडणी का द्यायची, असा त्यांचा रोख राहिला. नानासाहेबांना मात्र सगळे सरदार पुण्याच्या हुकमात हवे होते. त्यात मानाजी पेशव्यांचे मित्र, म्हणजे घरचं वैरही त्याच दिशेने.

पेशव्यांची अडचण एकच होती. जमिनीवर त्यांची फौज कोणालाही भारी होती, पण समुद्रातल्या किल्ल्यांपुढे घोडदळाचा उपयोग नव्हता. आरमार मुंबईत होतं, इंग्रजांकडे.

पेशव्यांच्या वतीने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बुर्शियर याच्याशी बोलणी केली. १९ मार्च १७५५ रोजी करार झाला. लढाईच्या वेळी दोन्ही आरमारांचा हुकूम इंग्रजांकडे राहणार आणि मोबदल्यात इंग्रजांना बाणकोट मिळणार, असं ठरलं. ज्या किनाऱ्यावर कान्होजींनी इंग्रजांना पाऊल ठेवू दिलं नव्हतं, तिथे त्यांना किल्ला मिळणार होता.

सुवर्णदुर्ग पडला

करारानंतर काही दिवसांतच कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. 'प्रोटेक्टर' हे त्याचं ४४ तोफांचं जहाज. एप्रिलच्या सुरुवातीला तो हर्णैसमोर सुवर्णदुर्गाला भिडला.

सुवर्णदुर्ग समुद्रात, तर त्याच्या पाठराखणीला किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. जेम्सने जहाजं अगदी जवळ आणून मारा केला. एक गोळा पडून किल्ल्यातल्या दारूच्या कोठाराचा स्फोट झाला. किनाऱ्यावरचे किल्ले शरण आले आणि मागोमाग सुवर्णदुर्गही. दुसरीकडून पेशव्यांची फौज जमिनीवरून एकेक ठाणं घेत होती. हळूहळू तुळाजींच्या हाती मुख्य म्हणावं असं विजयदुर्ग तेवढं उरलं.

या विजयाने जेम्सचं नशीब उजळलं. तो पुढे इंग्लंडमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच्या मृत्यूनंतर १७८४ मध्ये त्याच्या पत्नीने लंडनजवळ शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ तिकोनी मनोरा बांधला. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सुवर्णदुर्ग या नावाचा हा इंग्रजी अवतार आजही तिथे उभा आहे.

विजयदुर्गाची आग

त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाचं आरमार घेऊन अॅडमिरल चार्ल्स वॉटसन मुंबईला आला. रॉबर्ट क्लाइव्हही फौजेसह तिथे होता. क्लाइव्ह खरा आला होता तो दख्खनमध्ये निजामाजवळ जम बसवलेल्या फ्रेंचांविरुद्ध लढायला. ती मोहीम बारगळली आणि हाताशी असलेली फौज तुळाजींकडे वळवण्यात आली.

निघण्यापूर्वीच मुंबईत इंग्रज अधिकाऱ्यांनी विजयदुर्गातल्या लुटीची वाटणी ठरवून टाकली. कोणत्या हुद्द्याला किती, हेही ठरलं. त्यात मित्र म्हणवणाऱ्या पेशव्यांचा वाटा नव्हता.

७ फेब्रुवारी १७५६ रोजी ताफा मुंबईहून निघाला. ७० तोफांचं 'केंट', त्याच्याबरोबर 'कंबरलंड', 'टायगर', 'सॅलिसबरी' आणि कंपनीची जहाजं. सोबत सुमारे ८०० गोरे सैनिक आणि १,००० हिंदी शिपाई. इतकं मोठं आरमार या किनाऱ्यावर आंग्र्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ते पाहून तुळाजींनी तहाचा मार्ग धरला. किल्ला मेव्हण्याच्या हवाली करून ते जवळच असलेल्या पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले. लढायचं इंग्रजांशी नाही आणि शरण जायचंच तर आपल्या माणसांना, असा विचार त्यामागे असणार. पण तिथून त्यांना परत येता आलं नाही.

इंग्रजांना नेमकी याचीच धास्ती होती. किल्ला तहाने मराठ्यांकडे गेला तर लुटीवर पाणी पडणार. १२ फेब्रुवारीला वॉटसनने खाडीत शिरून तोफा सुरू केल्या. आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभं होतं. दुपारी एक बॉम्बगोळा त्यातल्या एका जहाजावर पडला आणि त्याने पेट घेतला. ते जहाज होतं 'रिस्टोरेशन', सात वर्षांपूर्वी इंग्रजांकडून पकडलेलं. बघता बघता आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली. ७४ तोफांचं मोठं जहाज, आठ गुराबा, बांधणीत असलेली दोन जहाजं आणि साठच्या आसपास गलबतं त्यात गेली. कान्होजींपासून पन्नास-साठ वर्षांत उभं राहिलेलं आरमार एका संध्याकाळी संपलं.

त्याच रात्री क्लाइव्ह फौजेसह किनाऱ्यावर उतरला आणि किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध तळ देऊन बसला. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. आत सुमारे २०० तोफा आणि दहा लाख रुपयांच्या आसपास रोकड सापडली. ती मुंबईत ठरल्याप्रमाणे इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. कैदेत असलेले काही इंग्रज आणि डच लोक सुटले.

पुढे काय झालं?

तुळाजींना आपल्या ताब्यात द्यावं, अशी मागणी इंग्रजांनी केली. पेशव्यांनी ती मान्य केली नाही. उलट करार असूनही इंग्रज विजयदुर्ग सोडत नाहीत, अशी पेशव्यांची तक्रार होती. इंग्रजांनी किल्ल्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नवं नावही देऊन टाकलं होतं. अखेर ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्याला तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट आसपासच्या गावांसह इंग्रजांकडे कायमचा गेला.

तुळाजी मात्र सुटले नाहीत. उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी पेशव्यांच्या कैदेत काढलं. बरीच वर्षं कैदेत काढल्यावर त्यांचे दोन मुलगे निसटले आणि त्यांनी आसरा घेतला तो मुंबईत, इंग्रजांकडे. बापाचं आरमार ज्यांनी जाळलं त्यांच्याच दारात जायची वेळ त्यांच्यावर आली.

वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाहून निघाले ते मद्रासमार्गे बंगालला पोहोचले. पुढच्याच वर्षी, जून १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली.

नानासाहेबांची चूक?

मराठ्यांच्या इतिहासातला हा एक कायम वादाचा विषय आहे. नानासाहेबांच्या बाजूने सांगण्यासारखं आहे. तुळाजी केंद्राची सत्ता मानत नव्हते, शेजाऱ्यांना त्रास देत होते आणि असा सरदार कोणत्याही राज्याला परवडत नाही.

पण बंडखोर सरदाराला वठणीवर आणणं वेगळं आणि त्याचं आरमार परक्यांकडून जाळून घेणं वेगळं. तुळाजी पेशव्यांना नको होते, पण त्यांची गोदी, जहाजं, तोफा आणि हजारो दर्यावर्दी माणसं ही राज्याचीच संपत्ती होती. पेशव्यांनी पुढे विजयदुर्गावर स्वतःचं आरमार उभारलं. आनंदराव धुळप यांनी १७८३ मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडूनही दाखवलं. तरी मुंबईपासून गोव्यापर्यंत इंग्रज जहाजांनी दस्तक घेऊन फिरावं, असं म्हणण्याची ताकद पुन्हा कोणात आली नाही. शिवडी-माझगावच्या किनाऱ्यावर शत्रू उतरेल, ही मुंबईची जुनी भीती १७५६ नंतर जवळपास संपली.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतल्या आपल्या तळाला 'आयएनएस आंग्रे' हे नाव दिलं, ते कान्होजींच्या स्मरणार्थ. तुळाजींच्या वाट्याला असा मान आला नाही. पेशव्यांच्या बखरींत ते बंडखोर ठरले आणि इंग्रजांच्या पुस्तकांत चाचे. पण गोपाळगड सिद्दीकडून घेणारा सरखेल कोण होता, याचं उत्तर तेच आहेत. आणि कान्होजींचं आरमार त्यांच्या मृत्यूनंतरही समुद्रावर दबदबा राखून होतं, ते सर्वांत जास्त या अनौरस मुलाच्या हाताखाली.